एक्केचाळीस नंबर

उबाल्दिना : त्या बाजूला नको बसूस, निकानोर. त्याचा तो कान गेलाय. खुर्ची इकडे घे.

अस्कानिओ : राहू द्या वहिनी. डावा कान आता चष्म्याची काडी अडकवायला ठेवलाय. मालक तिकडे बसले की मला त्यांचं 'नाही' ऐकू येत नाही. तेवढंच बरं.

निकानोर : मग उजवीकडे येऊन सांगतो. नाही.

अस्कानिओ : पुरतं ऐकून तरी घ्या.

निकानोर : ऐकलं. तू एका गाण्याचं नाव विचारायला आलायस. अठ्ठावीस वर्षांत त्या गाण्यांतलं एक नाव मी तोंडातून काढलेलं नाही. आता काढणार नाही.

उबाल्दिना : माणूस बाराणकियाहून बसनं आलाय. रविवारचा आलाय. आधी कोरोसोचं सरबत घेऊ दे त्याला, मग नाही म्हण.

अस्कानिओ : द्या वहिनी. बर्फ नको. दातही कानाच्या वाटेनं चाललेत.

निकानोर : डॉक्टरनी काय सांगितलं ते नीट सांग. मघाशी दारात अर्धवट सांगितलंस.

अस्कानिओ : डॉक्टरीणबाई आहेत. तरुण पोर, बोगोताची. काचेच्या खोलीत बसवलं, कानांना डबडी लावली, म्हणाली आवाज आला की बटण दाबा. मी आपला बसलोय. ती काचेपलीकडून बघतेय. तिला वाटलं म्हाताऱ्याला समजलं नाही. आत येऊन परत समजावून गेली. मी तिला म्हटलं, पोरी, मशीन बिघडलंय का बघ. मशीन चांगलं होतं.

निकानोर : मग?

अस्कानिओ : मग विचारलं, आयुष्यभर काम काय केलंत. म्हटलं, अकरा वर्षं वाघाच्या तोंडाशी उभा होतो. तिनं लिहून घेतलं, सर्कस.

उबाल्दिना : तिला वाघ कुठला माहीत असणार. ती जन्मली तेव्हा वाघ मोडीत निघाला होता. सांगायचं ना तिला, अठरा स्पीकरची भिंत, माणसाच्या दुप्पट उंच, तिच्यावर रंगवलेला वाघ. शनिवारी रस्त्यात उभी केली की तीन गल्ल्यांतल्या कपबशा नाचायच्या.

अस्कानिओ : सांगितलं. असल्या भिंतीला पिको म्हणतात ते सांगितलं, आपण रेकॉर्डी कुठून आणायचो ते सांगितलं. ती म्हणाली, आणि तुम्ही कानात काही घालत नव्हता? म्हटलं, घालत होतो की. गाणं.

निकानोर : उजव्याचं काय म्हणाली?

अस्कानिओ : डिसेंबरपर्यंत. फार तर फेब्रुवारीतल्या कार्निव्हलपर्यंत. पुढे मशीन लावून माणसाचं बोलणं थोडंफार कळेल. गाणं नाही. गाणं म्हणजे पत्र्यावर खडे पडल्यासारखं लागेल, म्हणाली. म्हणून आलोय, मालक. एकदा 'शिडी' ऐकायची आहे. एकदाच. उजवा आहे तोवर.

उबाल्दिना : शिडी. कितीक वर्षांनी ऐकला हा शब्द.

अस्कानिओ : ते नाव वस्तीनं ठेवलेलं, वहिनी. गिटार पायरी पायरीनं चढायची म्हणून शिडी. रेकॉर्डवरचं खरं नाव वेगळं. माझी पोरगी यानेरिस रॉटरडॅमला असते ना, तिच्या गल्लीत जुन्या आफ्रिकन रेकॉर्डींचा दुकानदार आहे. तो म्हणतो, खरं नाव सांगा आणि गाणारा सांगा, दोन आठवड्यांत आणून देतो. यानेरिसनं त्याला सांगितलं, पिवळं लेबल, कोपऱ्यात निळा पक्षी. तो हसला. म्हणाला, बाई, तसल्या माझ्याकडे चारशे आहेत.

निकानोर : तू लेबल पाहिलं होतंस?

अस्कानिओ : मीच तर खरवडलं. तुम्ही पाण्याचा वाडगा दिलात, ब्लेड दिलंत. वाघाच्या मागं, उलट्या बादलीवर बसून. पक्षी शेवटी ठेवला होता मी. म्हटलं, मालक, पक्षी राहू द्या, पक्ष्यावरून कोणाला काय कळणार. तुम्ही म्हणालात, पक्ष्यावरून कंपनी कळते, कंपनीवरून गाव कळतं. खरवड.

निकानोर : बरोबरच होतं ते. पलीकडच्या पिकोवाले, ते काळी घारवाले, आमच्या रेकॉर्डींवर टपलेले असायचे. एक नाव फुटलं की पुढच्या शनिवारी तेच गाणं त्यांच्या भिंतीवरून वाजायचं. मग आपल्याकडे कोण येणार?

अस्कानिओ : मी चुकलं म्हणत नाहीये.

निकानोर : तुझ्या आधीच्या रुबिएलनं दोन नावं त्यांना विकली. म्हणून तुला घेतला.

अस्कानिओ : माझा हात हलका होता म्हणून घेतलंत. सुई ठेवताना खर्र होत नाही, असं तुम्हीच म्हणायचात. चारचौघांत.

निकानोर : हातही होता.

अस्कानिओ : आणि?

उबाल्दिना : निकानोर, गप्प बस.

निकानोर : तुला वाचता येत नव्हतं, अस्कानिओ. म्हणून घेतला. लेबल तुझ्या हातात दिलं तरी फुटणार नव्हतं.

अस्कानिओ : बरं.

उबाल्दिना : आज रविवार आहे. सकाळी चॅपेलमध्ये खरं बोलावं असं सांगितलं असेल. त्याची ही वेळ होती का?

अस्कानिओ : असू दे वहिनी. मला कळायला हवं होतं. एकवीस वर्षांचा होतो, वाटायचं माझ्या हातात काहीतरी आहे. ती अक्षरं बघत होतो मी खरवडताना, मालक. एक लांबडं होतं, एक गोल, मग दोन सारखी. चित्रासारखं बघितलं. पन्नाशीत यानेरिसच्या पोराच्या पुस्तकावरून वाचायला शिकलो तेव्हा ते आठवून बघायला गेलो. पुसून गेलं होतं. बरं, ते राहू दे. माझ्यावरचा उपकार म्हणू नका, पगारातली कसर म्हणा. नाव सांगा.

निकानोर : ज्याच्याकडे तू काम केलंस तो निकानोर मेला. शहाण्णव साली पास्टरनी बाप्तिस्म्याला मला समुद्रात बुडवून वर काढला तेव्हा तो खालीच राहिला. रेकॉर्डी चॅपेलच्या अंगणात जाळल्या, तूही ऐकलं असशील.

अस्कानिओ : धूर बाराणकियापर्यंत आला. चारशे बारा रेकॉर्डी. शिडीसुद्धा. मी त्यावरून भांडायला आलोय का? तुमच्या देवानं रेकॉर्डी मागितल्या, दिल्यात. पण नाव तर मागितलं नव्हतं. नाव तुमच्या वहीत होतं. रेकॉर्डवर वहिनींच्या नेलपॉलिशनं नंबर घालायचात आणि नंबरापुढे वहीत नाव. शिडी एक्केचाळीस.

निकानोर : वहीही जाळली.

अस्कानिओ : खरंच?

निकानोर : रेकॉर्डींच्या आधी वही टाकली. निळ्या पुठ्ठ्याची. माझ्या हातानं.

उबाल्दिना : ती वही नव्हती.

निकानोर : काय?

उबाल्दिना : तू जाळलीस ती माझी शिवणाच्या मापांची वही. तिचाही पुठ्ठा निळाच. तू रडत होतास, बघितलंस कुठे. आठवडाभरानं मला कळलं. बायकांची मापं गेली, तीन झगे उसवून परत शिवले मी. तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर दुसरी आग लावायला निघाला असतास. आणि एव्हाना तुझी ती वही मला लागत होती.

निकानोर : कशाला?

उबाल्दिना : फ्रीज डगमगत होता.

(ती आत जाते. फ्रीज सरकवल्याचा, मग चमचाभर शिव्यांचा आवाज. परत येते तेव्हा हातात पापडासारखी चपटी झालेली वही. निकानोर तिला हात लावत नाही. अस्कानिओ पँटला हात पुसून घेतो.)

अस्कानिओ : वहिनी, तुमचे पाय धरू का?

उबाल्दिना : आधी वाच. कडा कुरतडल्यात, पण मधलं शाबूत आहे.

अस्कानिओ : मीच वाचतो. मला वाचू द्या. छत्तीस. सदतीस. हे तुमचं सात आहे का एक, मालक? एकोणचाळीस. चाळीस. एक्केचाळीस. मा, बे, ला. माबेला. गाणारे, ओसोरो आणि मंडळी. माबेला. पंचेचाळीस वर्षं झाली. मी तिला शिडी म्हणत होतो, आणि ती माबेला. वहिनी, माझा फोन कुठे ठेवलात? तिकडे रात्र व्हायच्या आत यानेरिसला सांगतो.

निकानोर : फोन करू नकोस.

अस्कानिओ : आता काय राहिलं? तुम्ही नाही सांगितलंत, वहीनं सांगितलं. तुम्हाला पाप नाही लागत.

निकानोर : माबेला हे बोटीचं नाव आहे.

अस्कानिओ : कुठल्या बोटीचं?

निकानोर : वहीत ते नाव लिहिलं त्या दिवशी धक्क्यावर उभी होती. लायबेरियाची. ओसोरो तिच्यावरचा आचारी, मला दोन पाव दिले होते त्यानं. रुबिएलची भानगड झाल्यावर मी ठरवलं, वही चोरीला गेली तरी चोराच्या हाती काही लागता कामा नये. साध्या रेकॉर्डींपुढे खरी नावं लिहिली. चांगल्या सातांपुढे खोटी. काळी घारवाल्यांनी एकदा वहीची नक्कल मिळवली, ठाऊक आहे तुला. वर्षभर पॅरिसला माणसं धाडून माबेला शोधत होते. मी किती हसलो होतो.

उबाल्दिना : म्हणजे त्या वहीत जे कुणाला नको ते सगळं खरं आहे.

निकानोर : हो.

अस्कानिओ : शपथेवर सांगा. मला टाळायला नाही ना म्हणत?

निकानोर : आमच्यात शपथ घेत नाहीत. खोटंही बोलत नाहीत. बोट होती, अस्कानिओ.

अस्कानिओ : बरं. मग खरी सात कुठे लिहिलीत?

निकानोर : कुठेच नाही. डोक्यात ठेवली.

अस्कानिओ : मग डोक्यातून काढा. एक. बाकीची सहा देवाला ठेवा.

निकानोर : झोपताना सातही नावं ओळीनं म्हणायचो, विसरू नयेत म्हणून. शब्द आपल्या भाषेतले नव्हते, नुसते जिभेवर बसवलेले. समुद्रातून वर आल्यावर त्या वेळेला स्तोत्रं म्हणायला लागलो. वर्षभरानं पाहिलं तर पाच राहिली होती. मग दोन. एक पुष्कळ दिवस टिकलं. ते शिडीचं होतं की दुसरं कुठलं, तेही सांगता येणार नाही. मग एक दिवस तेही नव्हतं. मला वाटलं, पाप झडतंय. आनंद झाला मला. पास्टरना जाऊन सांगितलं, त्यांनी मंडळींसमोर उभं करून टाळ्या वाजवल्या.

अस्कानिओ : मग मघापासून 'सांगणार नाही, सांगणार नाही' काय चाललं होतं?

निकानोर : सांगणार नाही म्हटलं की माणूस ताठ दिसतो. आठवत नाही म्हटलं की म्हातारा दिसतो.

उबाल्दिना : मलाही 'सांगणार नाही' म्हणत होतास. लग्नाच्या तारखेबद्दलसुद्धा.

अस्कानिओ : थांबा. अजून एक आहे. यानेरिसनं फोनमध्ये काहीतरी घालून दिलंय. गाणं गुणगुणलं की फोन ओळखतो म्हणे, जगातलं कुठलंही. मी घरी चारदा करून बघितलं, त्याला मिळालं नाही. पण माझा सूर पहिल्यापासून कच्चा. वहिनी, तुम्ही म्हणा. तुम्ही दर शनिवारी नाचायचात.

उबाल्दिना : मला ती गाणी कधी आवडली नाहीत.

अस्कानिओ : काय सांगता?

उबाल्दिना : मला बोलेरो आवडायचे. हळू, शब्द कळतील असे. पण बोलेरोसाठी याचा वाघ तोंड उघडायचा नाही. नवरा भिंतीमागं आणि आपण घरी, त्यापेक्षा नाचलेलं बरं. आता भांडी घासताना रेडिओवर बोलेरो लावते, तर तेही नकोसे होतात. सगळे रडके. बंद करते आणि नुसती भांडी घासते. आण तो फोन. सुरुवात आठवते मला थोडी. ल ल ला, ल ला. मग काय होतं रे?

अस्कानिओ : मग गिटार वर जायची.

उबाल्दिना : कशी वर जायची तेच तर विचारतेय. काय म्हणतोय फोन?

अस्कानिओ : सापडलं नाही म्हणतोय. मालक, तुम्ही.

निकानोर : नको.

अस्कानिओ : मालक. तुमच्याकडे या जन्मात दुसरं काही मागणार नाही. पास्टरना सांगा, बहिऱ्यासाठी केलं. आजाऱ्याला मदत करायची असते ना तुमच्यात?

निकानोर : उबाल्दिना, दार लोटून घे. शेजारी चॅपेलचे आहेत. फोन इथं ठेव, टेबलावर. थांब, ठेका धरू दे. असा होता. टक टटक, टक टटक. हं. हं हं हं, हं हं, हं हं हं हं.

अस्कानिओ : हेच. चालू ठेवा, हेच आहे. वहिनी, ऐकताय? हेच. चढतेय बघा. किती वर्षांनी, देवा. थांबू नका, मालक.

उबाल्दिना : फोन उजळला.

अस्कानिओ : सापडलं? वाचा, वाचा. माझा चष्मा ओला झालाय.

उबाल्दिना : सापडलं म्हणतोय.

अस्कानिओ : नाव वाचा ना.

उबाल्दिना : अस्कानिओ, हे चॅपेलचं गीत आहे. रविवारी दानाची थैली फिरवतात तेव्हा म्हणतात ते. मीही मघापासून म्हणतेय, हे कुठं ऐकलंय.

निकानोर : मी शिडीच म्हणत होतो.

उबाल्दिना : तू थैलीचं गीत म्हणत होतास. आज सकाळीच म्हणून आलायस.

निकानोर : शिडी म्हणायला म्हणूनच तोंड उघडलं मी. माझ्या डोक्यात शिडीच होती.

अस्कानिओ : पण चढत होतं. पायरी पायरीनं. मी ऐकलं.

उबाल्दिना : ते चढत नाही रे. ते एकाच जागी फिरतं, थैली शेवटच्या बाकाला पोचेपर्यंत.

निकानोर : तुला काय ऐकू आलं, अस्कानिओ?

अस्कानिओ : तुमची बोटं. टेबलावरची.

निकानोर : आणि सूर?

अस्कानिओ : सूर मी भरला. माझा मी.

उबाल्दिना : सरबत संपव. गरम झालं असेल.

अस्कानिओ : हल्ली असं होतं, वहिनी. ठोका कळतो, वरचं मी घालतो. बसमध्येही रेडिओ होता, दोन तास मला शिडीच ऐकू येत होती. ड्रायव्हरला म्हटलं, कोणाचं गाणं हे? तो म्हणाला, काका, रेडिओ कधीचा बंद आहे, इंजिन आहे ते.

निकानोर : एक सांगतो. रेकॉर्ड सापडली असती, तू ती घेऊन इथं आला असतास, तरी मी ऐकायला बसलो नसतो.

अस्कानिओ : पास्टर ओरडले असते.

निकानोर : त्यांचा संबंध नाही. मागच्या महिन्यात कोपऱ्यावर पोरांनी पिको लावला. मधेच त्यांनी आपल्या वेळचं एक गाणं लावलं. सातांपैकी एक. नाव नाही आठवलं, पण ते आपलंच होतं, कुठून तरी मिळवलं असेल त्यांनी. मी खिडकीपाशी गेलो. म्हटलं, मोह होईल, देवा सांभाळ. उभा राहिलो. काहीच झालं नाही. भांडी पडल्यासारखा आवाज. वाट बघितली, संपेपर्यंत. मग खिडकी लावून घेतली, डास येत होते. ज्या दिवशी जाळल्या त्या दिवशी मी रडलो होतो. आता समजत नाही, कशासाठी.

उबाल्दिना : मला नाही सांगितलंस हे.

निकानोर : काय सांगणार? मोह झाला नाही, हे सांगायचं? पास्टरना सांगितलं असतं तर परत टाळ्या वाजवल्या असत्या.

अस्कानिओ : ते गाणं कुठलं होतं? सातांतलं?

निकानोर : सांगितलं ना, नाव आठवत नाही.

अस्कानिओ : शिडी होती का?

निकानोर : नसावी.

अस्कानिओ : नसावी म्हणजे?

निकानोर : शिडी मला ओळखू आली असती का, आता मलाच सांगता येत नाही. मघाशी काय झालं बघितलंस.

अस्कानिओ : ती पोरं कुठली? नाव काय त्यांच्या पिकोचं?

उबाल्दिना : महिन्यापूर्वी भाड्यानं आली होती, अस्कानिओ. लग्न होतं. गाडीत भरून गेली, कुठे गेली कोण जाणे.

अस्कानिओ : त्यांच्या रेकॉर्डींवर लेबलं असतील.

निकानोर : ती पोरं रेकॉर्डी लावत नाहीत. कुठून तरी उतरवून घेतात. आणि सातांतलं असेल तर त्यांनीही नाव बदललं असणार. आपणच शिकवलंय त्यांना.

उबाल्दिना : एकाचं आवडणं गेलं, एकाचा कान. दोघांत मिळून एक धड माणूस नाही. मासा तळून घेते. नारळभात सकाळचा आहे, गरम करते. आज इथंच राहा, उद्याच्या बसनं जा.

अस्कानिओ : जेवतो, पण राहत नाही. मालक, वही मला द्याल?

निकानोर : तिच्यात काही नाही. तूच ऐकलंस.

अस्कानिओ : साध्यांची नावं खरी आहेत ना. चारशे पाच. वाचेन एकेक. त्या गाण्यांकडे मी कधी लक्षच दिलं नाही, शिडी कधी लावायला सांगताय याची वाट बघत असायचो.

निकानोर : घेऊन जा. फ्रीजखाली लाकडाचा तुकडा घालतो.

अस्कानिओ : एक नंबर. हे काय अक्षर तुमचं. दोन. तीन, हे आठवतं, हे कोणी नाचायचं नाही, सगळे बियर आणायला जायचे. चार.

उबाल्दिना : अस्कानिओ, डोक्याकडचा तुकडा घेणार की शेपटीकडचा?

निकानोर : वाचू दे त्याला. दोन्ही वाढ.

उबाल्दिना : काटे दिसत नाहीत त्याला, शेपटी कशी वाढू. अस्कानिओ. मासा कुठला वाढू?

निकानोर : वहीत मान घालून बसलाय तो, तुझं तोंड दिसत नाही त्याला. आणि त्या बाजूनं काय विचारतेस? उजवीकडे ये.

उबाल्दिना : मी उजवीकडेच उभी आहे.